हवाई कसरती टिपायच्या, तर कॅमेरा कोणता आणि लेन्स कोणती?

बेंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर दर दोन वर्षांनी ‘एअरो इंडिया’ हे प्रदर्शन भरते. १९९६ पासून सुरू असलेल्या या प्रदर्शनाचे पंधरावे पर्व फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले आणि रशियाचे सुखोई-५७ व अमेरिकेचे एफ-३५ ही दोन विमाने तिथे एकाच तळावर पाहायला मिळाली. महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींना प्रत्येक वेळी बेंगळुरूच गाठावे लागते असेही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेना नगरात एअर फेस्ट झाला. जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखेला हवाई दलाने मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर दुपारी बारा ते एक या वेळेत कसरती दाखवल्या.

अशा प्रत्येक कार्यक्रमानंतर घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेकडो फोटो फिरतात आणि त्यांतल्या बहुतेकांत निळ्या-पांढऱ्या आकाशावर माशी बसावी तसा एक काळा ठिपका असतो. डोळ्यांनी तर विमान स्वच्छ दिसले होते, मग फोटोत ते गेले कुठे? हा प्रश्न घेऊन माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात जातो आणि तिथून गोंधळाला सुरुवात होते. दुकानात पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा निघतो. खरे तर तो चौथा-पाचवा यायला हवा. साठवलेले पैसे किंवा वर्षभराचे हप्ते पणाला लागणार असतील, तर कुठल्या गोष्टीने विमान मोठे दिसते, कुठल्या गोष्टीने ते धारदार दिसते आणि कुठल्या गोष्टीचे पैसे इथे वाया जातात, हे आधी नीट कळलेले बरे.

मोबाइलमध्ये विमान ठिपका का होते?

थोडा हिशेब केला की उत्तर मिळते. लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले विमानाची लांबी भागिले अंतर, एवढ्यावर सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार ठरतो. तेजस विमानाची लांबी १३.२ मीटर आहे. ते प्रेक्षकांपासून किती दूर उडेल? प्रत्येक देशाचे नियम वेगळे. अमेरिकेत जलद जेट विमानांनी कसरती करताना प्रेक्षकांच्या रेषेपासून १५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर दूर राहावे लागते. तेव्हा हिशेबासाठी ५०० मीटर हे अंतर धरायला हरकत नाही.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा पूर्ण चौकटीच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या २४ मि.मी. लेन्सइतके विस्तीर्ण दृश्य दाखवतो. ५०० मीटरवरचे तेजस त्यात चौकटीच्या रुंदीच्या दोन टक्केही जागा व्यापत नाही. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत विमानाच्या वाट्याला सत्तरच्या आसपास पिक्सेल येतात. फोन कितीही महाग असला तरी सत्तर पिक्सेलांत शेपटीवरचा क्रमांक मावत नाही. पाचपट ऑप्टिकल झूम असलेल्या फोनमध्ये हाच आकडा साडेतीनशेपर्यंत जातो, पण त्यापुढचे झूम बहुतेक वेळा असलेलेच पिक्सेल ताणून दाखवणारे असते.

किती मिलिमीटर पुरेसे?

आता एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घेऊ. बाजारातले मध्यम किमतीचे बहुतेक कॅमेरे याच प्रकारात मोडतात. त्याचा सेन्सर साधारण २३.५ मि.मी. रुंद असतो (कॅननचा किंचित लहान, सुमारे २२.३). कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सने तेजस चौकटीचा जेमतेम सहा टक्के भाग व्यापते. २५० मि.मी.ला ते २८ टक्क्यांवर येते, ३०० ला ३४, ४०० ला ४५ आणि ६०० मि.मी.ला ६७ टक्क्यांवर. साधारण तिसरा हिस्सा भरला की फोटो नंतर कापून घेता येतो. निम्म्याच्या आसपास भरला की कापाकापी फारशी लागत नाही आणि विमानाच्या पुढे थोडे मोकळे आकाशही उरते. दोन तृतीयांश भरला की मात्र चौकटीत विमान धरून ठेवणेच अवघड होऊन बसते. नाक आले तर शेपूट तुटते.

म्हणून एपीएस-सी कॅमेऱ्यावर ४०० मि.मी.पर्यंत जाणारी लेन्स हा हवाई कसरतींसाठी सर्वांत समंजस मुक्काम आहे. १००-४०० किंवा त्याच्या आसपासचा झूम घ्यावा. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी ७०-३०० घ्यावी. हप्ते वाढवून थेट ६०० वर उडी मारायची गरज पहिल्याच वर्षी नसते. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर मात्र हेच दृश्य मिळवायला ६०० मि.मी. लागतात, आणि इथेच पुढचा पेच आहे.

मोठा सेन्सर म्हणजे चांगला फोटो?

लग्नाच्या मांडवात, रात्रीच्या रस्त्यावर, मंद प्रकाशात मोठा सेन्सर उजवा ठरतो यात वाद नाही. पण हवाई कसरती भर दुपारी, लखलखीत उन्हात होतात आणि अडचण प्रकाशाची नसून अंतराची असते. ४०० मि.मी. लेन्सने ५०० मीटरवरच्या तेजसची प्रतिमा सेन्सरवर सुमारे १०.५ मि.मी. लांब पडते. सेन्सर मोठा असो की लहान, ही लांबी तीच राहते. फरक पडतो तो त्या साडेदहा मिलिमीटरांत किती पिक्सेल बसतात याचा.

२४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तेवढ्या जागेत सुमारे १७५० पिक्सेल येतात. २४ मेगापिक्सेलच्याच एपीएस-सी कॅमेऱ्यात ते २७०० च्या घरात जातात. म्हणजे एकच लेन्स लावली, तर स्वस्तातला लहान सेन्सरचा कॅमेरा विमानाच्या अंगावरचे अधिक बारकावे टिपतो. ४५ मेगापिक्सेलचा महागडा फुल फ्रेम कॅमेराही इथे २४०० च्या आसपासच अडकतो. ‘फुल फ्रेम घ्या, आयुष्यभराची चिंता मिटेल’ हा सल्ला ऐकून ज्यांनी बॉडीवर सगळे पैसे घातले आणि लेन्सला काहीच उरले नाही, त्यांची फसगत नेमकी इथे होते. फुल फ्रेमचा विचार त्यांनीच करावा, ज्यांच्याकडे ६०० मि.मी.ची लेन्स घेण्याइतके पैसे आहेत आणि ती दिवसभर उचलून धरण्याइतके दंड आहेत.

मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांना भारतात फारसे गिऱ्हाईक नाही, पण विमानांसाठी ते वाईट नाहीत. त्यांच्यावर ३०० मि.मी. लेन्स फुल फ्रेमच्या ६०० सारखी वागते आणि सगळा सरंजाम एका लहान पिशवीत मावतो. विमान ओळखून त्यावर फोकस धरण्याची सोय ऑलिंपसने आपल्या ई-एम१एक्समध्ये २०१९ सालीच आणली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

एफ/२.८ लागतेच का?

नाही. आणि या एका शब्दाने बरेच पैसे वाचू शकतात. मोठ्या ॲपर्चरच्या पांढऱ्या, तोफेसारख्या लेन्स क्रिकेटच्या मैदानावर दिसतात, म्हणून विमानांनाही त्याच लागत असाव्यात असा समज आहे. त्या लेन्सचे दोन मोठे फायदे म्हणजे कमी प्रकाशात मिळणारा शटरचा वेग आणि मागची धूसर पार्श्वभूमी. विमानामागे आकाशच असते. ते धूसर करायचे तरी काय?

प्रकाशाचे म्हणाल, तर स्वच्छ उन्हाचा जुना नियम अजून चालतो: एफ/१६ ला आयएसओ १०० ठेवला तर शटर साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाचे. त्यावरून एफ/८ ला आयएसओ ४०० केला की शटर १/१६०० पर्यंत पोहोचते. जेट विमानासाठी एवढे पुरते. म्हणजे टोकाला एफ/६.३, अगदी एफ/८ पर्यंत बारीक होणारी स्वस्त लेन्सही इथे चालून जाते. कॅननची आरएफ १००-४०० ही अशीच लेन्स. ४०० मि.मी.ला तिचे ॲपर्चर एफ/८ वर येते, म्हणून पक्षिनिरीक्षक पहाटेच्या जंगलात नाक मुरडतात, पण ६३५ ग्रॅम वजनाची ही लेन्स दुपारच्या आकाशासाठी अगदी योग्य. ढगाळ हवा असेल किंवा कार्यक्रम संध्याकाळकडे सरकला, तर आयएसओ वाढवावा लागेल आणि फोटोत थोडे दाणे दिसतील, एवढी तडजोड मान्य करावी.

टेलिकन्व्हर्टर लावून लेन्स लांबवण्याचा मोह मात्र आवरावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर एफ/६.३ ची लेन्स एफ/९ करतो, फोकस मंदावतो आणि हाती आलेला फोटो कन्व्हर्टर न लावता कापून घेतलेल्या फोटोपेक्षा क्वचितच बरा असतो.

बॉडीवर पैसे कशासाठी घालायचे?

५०० मीटर अंतरावरून ताशी ७२० किलोमीटर वेगाने समोरून जाणारे विमान सेकंदाला सुमारे २३ अंश सरकते. एपीएस-सीवर ४०० मि.मी. लावले की एकूण आडवे दृश्य साडेतीन अंशांहून कमी उरते. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला, तर विमान एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला साधारण सेकंदाचा सातवा भागच घेते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

स्थिर कॅमेऱ्याची दुसरी गोची आणखी मोठी आहे. या वेगात विमानाची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला १६० मि.मी. धावत असते. शटर १/२००० ठेवले तरी तेवढ्या अवधीत ती वीसेक पिक्सेल पुढे सरकते आणि फोटो पुसट येतो. विमानाबरोबर कॅमेरा फिरवत नेला, ज्याला पॅनिंग म्हणतात, आणि त्यात पाच टक्के चूक झाली, तर ही पुसट कड एका पिक्सेलवर येते. त्यामुळे ‘शटर वाढवा म्हणजे फोटो स्वच्छ येईल’ हे अर्धेच खरे. कमरेतून वळायला शिकलेला माणूस साध्या कॅमेऱ्याने जे मिळवतो, ते न वळणाऱ्याला सर्वांत महाग कॅमेराही देऊ शकत नाही.

पण पॅनिंग करणाऱ्याला कॅमेऱ्याची साथ लागते ती फोकसची. विमान समोरून येताना दर क्षणी अंतर बदलते आणि रिकाम्या आकाशात फोकसला पकडायला दुसरे काही नसते. एकदा फोकस सुटला की लेन्स पुढे-मागे चाचपडत बसते आणि तोवर विमान पार धावपट्टीच्या टोकाला गेलेले असते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांनी इथे मोठी मजल मारली आहे. सोनीचा ए६७००, निकॉनचा झेड५०-टू, फुजिफिल्मचा एक्स-टी५ अशा कॅमेऱ्यांत विषय म्हणून ‘विमान’ निवडता येते. मग कॅमेरा स्वतःच आकाशातला तो आकार ओळखून चौकटभर त्याच्या मागे राहतो. खरेदी करताना माहितीपत्रकात फक्त ‘वाहन’ लिहिले असेल, तर त्यात विमान येते की नुसत्या गाड्या आणि मोटारसायकली, हे विचारून घ्यावे.

याचा अर्थ आरसा असलेले जुने डीएसएलआर भंगारात गेले असा नाही. निकॉनचा डी५०० (२०१६) आणि कॅननचा ७डी मार्क टू (२०१४) हे दोन्ही एपीएस-सी कॅमेरे सेकंदाला दहा फोटो काढतात. त्यांचा फोकस वेगवान हालचालींसाठीच बांधलेला होता. त्यांच्या आरशातून दिसणारे दृश्य थेट प्रकाशाचे असते, त्यात स्क्रीनसारखा किंचितही उशीर नसतो. हे कॅमेरे आज जुन्या बाजारात नव्या मिररलेसपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात आणि लेन्ससाठी पैसे मोकळे होतात. अट एकच: शटर किती वेळा उघडझाप झाले आहे हा आकडा पाहून घ्यावा. दोन्ही कॅमेऱ्यांचे शटर सुमारे दोन लाख उघडझापींसाठी तपासलेले आहे. विकणारा दीड लाखाचा आकडा सांगत असेल तर भाव त्याप्रमाणे उतरायला हवा.

सेकंदाला किती फोटो, याचे आकडे जाहिरातीत ठळक छापतात. हवाई कसरतींना दहाच्या आसपास पुरे. त्याहून महत्त्वाचे, तो वेग किती सेकंद टिकतो. २५ एमबीची एक रॉ फाइल धरली तर सेकंदाला दहा फोटो म्हणजे २५० एमबी. साधे मेमरी कार्ड सेकंदाला नव्वद-शंभर एमबीच्या पुढे लिहू शकत नाही. दोन-तीन सेकंदांत कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती भरते आणि दोन विमाने एकमेकांना छेदून जाण्याच्या नेमक्या क्षणी शटर अडते. तेव्हा कॅमेरा चालवू शकत असेल तर जलद कार्ड घ्यावे, नाहीतर रॉऐवजी जेपेग ठेवावे, आणि काहीही असले तरी बोट सतत दाबून न धरता तीन-चार फोटोंचे लहान लहान झटके द्यावेत.

पंखे फिरताना दिसले पाहिजेत

आतापर्यंत सारा हिशेब वेगवान शटरचा झाला. सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे आली की तो पूर्ण उलटतो. १/१६०० ला टिपलेल्या हेलिकॉप्टरची पाती जागच्या जागी गोठतात आणि ते आकाशात टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. अशा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण तीनशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. शटर १/१००० असेल तर तेवढ्यात पाते दोन अंशही हलत नाही. १/१०० ला ते १८ अंश फिरते आणि १/६० ला ३०. पात्यांची चकती दिसायला हवी असेल, तर या पट्ट्यात यावे लागते.

पंख्याच्या विमानांचे पंखे जास्त वेगाने फिरतात, त्यामुळे तिथे १/१२५ ते १/२५० मध्ये काम होते. हवाई दलाच्या ताफ्यातले ‘परशुराम’ हे डाकोटा विमान आकाशात आले, तर त्याच्या इंजिनांचे पंखे स्थिर दिसणे म्हणजे इंजिन बंद पडल्यासारखेच.

या मंद शटरचे लेन्स निवडीशी दोन धागे जुळतात. पहिला स्थिरीकरणाचा. १/२००० ला हात किती थरथरतो याने फारसे बिघडत नाही, पण १/१०० ला ४०० मि.मी.ची लेन्स हाती धरायची तर स्थिरीकरण लागतेच. आणि तेही असे, की आडवी वळवण्याची हालचाल ते चूक समजून दुरुस्त करत बसणार नाही. बऱ्याच लेन्सवर यासाठी ‘मोड २’ असे बटण असते, काही लेन्सना ते आपोआप कळते. कॅननची १९९३ ची ४०० मि.मी. एफ/५.६ ही जुन्या बाजारातली लाडकी लेन्स हलकी आहे, कमालीची धारदार आहे, जेटसाठी उत्तम आहे, पण तिच्यात स्थिरीकरणच नाही. सारंगच्या वेळी ती घाम फोडते.

दुसरा धागा धुळीचा. उन्हात शटर १/१०० वर आणायचे तर आयएसओ १०० ला ॲपर्चर एफ/१६ करावे लागते. एवढ्या बारीक ॲपर्चरला फोटोची धार कमी होतेच, शिवाय सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण निळ्या आकाशावर काळ्या डागासारखा उमटतो. घरी बसून पन्नास फोटोंतले डाग पुसणे हा शिक्षेचा प्रकार आहे. जाण्याआधी सेन्सर साफ करून घ्यावा, तळावरच्या मोकळ्या वाऱ्यात लेन्स बदलू नये, आणि जमल्यास प्रकाश अडवणारा करडा एनडी फिल्टर सोबत ठेवावा.

मिररलेस घेणाऱ्यांसाठी इथे एक सूचना आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचते. साध्या सेन्सरला याला सेकंदाचा पंधरावा ते साठावा भाग लागतो. तेवढ्यात पंखा फिरून जातो आणि फोटोत त्याची पाती केळ्यासारखी वाकडी येतात. जेटबरोबर कॅमेरा फिरवताना मागच्या इमारती आणि खांब तिरपे होतात. फुजिफिल्मचा एक्स-एच२एस किंवा ओएम सिस्टिमचा ओएम-१ यांच्यात असतो तसा स्टॅक्ड सेन्सर हे वाचन फार लवकर उरकतो, पण त्याचे पैसे मोजावे लागतात. बाकीच्यांनी मेकॅनिकल शटरच वापरावे. माहितीपत्रकातला ‘सेकंदाला ३०’ हा आकडा बहुतेकदा इलेक्ट्रॉनिक शटरचा असतो. मेकॅनिकलचा आकडा खाली बारीक अक्षरात सापडेल.

सूर्यकिरण आले की लांब लेन्स आखूड करा

सूर्यकिरण पथक नऊ हॉक विमानांचे. ही नऊ विमाने हिऱ्याच्या आकारात आली की त्या आकाराची रुंदी साठेक मीटर धरू. ५०० मीटरवर २०० मि.मी. लेन्स लावली तर सेन्सरवर २४ मि.मी.ची प्रतिमा पडते, म्हणजे एपीएस-सीच्या चौकटीबाहेर! १५०-६०० ही लेन्स घेऊन गेलेल्या माणसाला इथे फक्त सर्वांत आखूड टोक वापरता येते आणि विमाने जवळ आली की तेही पुरत नाही. पुढे विमाने फुटून सगळ्या दिशांना जातात, धुराने आकाशात हृदयाचा आकार काढतात, तेव्हा तर लेन्स कुठलीही असो, ती लांबच पडते. त्या क्षणी खिशातला मोबाइल बाहेर काढावा. अशा विस्तीर्ण दृश्याला तो खरोखर चांगला आहे, आणि लेन्स बदलण्याच्या धांदलीत धूर विरून जात नाही.

म्हणूनच एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सपेक्षा झूम बरा, आणि झूममध्येही १५० पासून सुरू होणाऱ्यापेक्षा ७० किंवा १०० पासून सुरू होणारा बरा. टॅमरॉनची ५०-४०० सारखी लेन्स फुल फ्रेमवाल्यांसाठी या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे, जरी टोकाला ती थोडी अपुरी पडली तरी.

मग घ्यायचे काय?

हाती काहीच नसेल आणि खर्चाची तयारी बेताची असेल, तर जुन्या बाजारातला डी५०० किंवा ७डी मार्क टू आणि त्यावर ७०-३०० किंवा १००-४०० ही जोडी आजही सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त देते. मुंबई-कोकणातून जुनी लेन्स घेत असाल तर मागून टॉर्च मारून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. दमट हवेत कपाटात बंद पडून राहिलेल्या लेन्सना हा आजार हमखास होतो.

नवीनच घ्यायचे असेल तर विमान ओळखणारा एपीएस-सी मिररलेस आणि ४०० मि.मी.पर्यंतचा झूम. पैसे कमी पडले तर बॉडी एक पायरी खालची घ्यावी, लेन्स नव्हे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते, चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षे चालते. ‘डबल झूम किट’मधली २१० किंवा २५० मि.मी.ची लेन्स आधीच घरात असेल तर तिच्यासह एक कार्यक्रम जरूर करून पाहावा. २८ टक्के चौकट भरणारे विमान कापून घेतले, की मोबाइलवर आणि पोस्टकार्डाच्या आकारात ते झकास दिसते.

घरी जुना डीएसएलआर आहे आणि फक्त लेन्स हवी आहे, अशांनी खरेदीआधी भाड्याचा विचार करावा. मुंबई, पुणे, बेंगळुरूत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन वर्षांतून एकदा येलहंका गाठणाऱ्याला दोन किलोंची १५०-६०० विकत घेऊन उरलेले सातशे दिवस कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. भाड्याची लेन्स मात्र एक दिवस आधीच घ्यावी, म्हणजे तिचे झूम कुठल्या बाजूला फिरते हे हाताला ठाऊक होते.

अदलाबदल न होणाऱ्या लेन्सचे ब्रिज कॅमेरे हा तिसरा रस्ता. निकॉन पी१००० चे ३००० मि.मी.चे झूम चंद्रासाठी मजेशीर आहे, पण उडत्या जेटवर त्याचा फोकस टिकत नाही. सोनीचा आरएक्स१० मार्क फोर (२०१७) त्यामानाने वेगळा: फुल फ्रेमच्या २४ ते ६०० मि.मी.इतका पल्ला, जलद फोकस, सूर्यकिरणचे हृदय आणि तेजसची शेपटी दोन्ही एकाच लेन्समध्ये. जुना मिळाला तर सोडू नये.

जे कुठल्याच लेन्सने सुटत नाही

तापलेल्या धावपट्टीवरून हवा थरथरत वर उठते. तिच्यातून पाहिलेले विमान पाण्याखालच्या वस्तूसारखे हलते. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथर मोठी दिसते. दुपारी धावपट्टीवर धावणाऱ्या विमानाचा फोटो मऊ आला म्हणून लेन्सला दोष देऊन ती परत करायला निघालेले लोक असतात. सकाळच्या सत्रात तीच लेन्स ठणठणीत निघते. उड्डाण घेऊन वर गेलेले विमान गाठावे, जमिनीलगतचे सकाळी टिपावे.

उन्हाची दिशा हा दुसरा भाग. मरीन ड्राइव्हवर जानेवारीत दुपारी बारा ते एकच्या दरम्यान सूर्य दक्षिणेला असतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडून, नरिमन पॉइंटच्या बाजूने येणारी विमाने काळवंडलेली दिसतात. तीच विमाने मलबार हिलकडे वळली की अंगावर ऊन घेतात. तेव्हा बोट थोडे आवरून धरावे आणि उजवीकडे मोकळे सोडावे. शिवाय पांढुरके आकाश कॅमेऱ्याच्या मोजमापाला चकवते आणि विमान काळे येते. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवून ठेवले तर पोटाखालची खूण दिसते.

वजनाचा विचारही चैनीचा नाही. सोनीची २००-६०० लेन्सच २.१ किलोची आहे, त्यात बॉडी, पाणी, टोपी. गर्दीत तिपाई उभी करायला जागा नसते आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानामागे ती वळतही नाही. सारे हातावर तोलायचे असते. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कार्यक्रमाला आलेल्या अफाट गर्दीत, त्या दिवशीच्या उष्म्यात पाच जणांचे प्राण गेले. पिशवीत दुसरी लेन्स की पाण्याची दुसरी बाटली, असा प्रश्न आला तर बाटली घ्यावी.

हवाई तळावर काय टिपायची परवानगी आहे, कुठली बॅग आत नेता येते, हे तिकिटावरच्या सूचनांत वाचून घ्यावे. ड्रोन घरीच ठेवावा. सरावासाठी पुण्यात लोहगावच्या कुंपणाशी किंवा नागपुरात सोनेगावला लेन्स रोखून उभे राहू नये. तिथे हवाई दलाचे तळ आहेत. गच्चीवरून घारींचा पाठलाग करावा. घार जेटपेक्षा कितीतरी जवळून जाते आणि न सांगता वळते. महिनाभर रोज पंधरा मिनिटे तिला चौकटीत धरता आले, तर येलहंकाला जाण्यापूर्वी लेन्स बदलायची की नाही, हे त्या फोटोंवरूनच कळेल.